रात्री दहाला शटर खाली: समूह न सोडता मागे कसं यावं?

गच्चीवाली

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. आज सकाळपासून पावसाने धरून ठेवलंय, गच्चीवर पाय ठेवता येत नाही, म्हणून बसलेच.

मी नाशिकची. २०१५ पासून गच्चीवरच्या बागेचा एक फेसबुक समूह चालवते. सुरुवातीला आम्ही अकरा जणी होतो. मिरचीची रोपं, वालाचं बी, गांडूळखताची पिशवी, असं एकमेकींच्या दारात नेऊन ठेवायचो. आज ३८ हजार सदस्य आहेत. शिवाय त्याचाच एक व्हॉट्सॲप गट आहे, तो तर काठोकाठ भरलाय, १०२४ जण. ॲडमिन आम्ही तिघी. पण एकीची नोकरी फिरतीची, दुसरीच्या घरात नुकतं नातवंड आलंय, त्यामुळे गेली दोन वर्षं गाडा बहुतेक मीच ओढते आहे.

हे काम बाहेरून दिसत नाही. नवीन येणाऱ्यांच्या विनंत्या तपासायच्या. जाहिराती काढायच्या. "कढीपत्ता वाढत नाही" या प्रश्नाला आठवड्यातून दहा वेळा तेवढ्याच प्रेमाने उत्तर द्यायचं, कारण विचारणारी बाई पहिल्यांदाच विचारत असते. दोघांची जुंपली की दोघांनाही वेगवेगळं समजवायचं. मग त्यातला एक जण फोन करतो, आणि "मी काय चुकीचं बोललो सांगा" यात पाऊण तास जातो. हे सगळं मी मनापासून केलं. त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या श्रावणात एक गोष्ट घडली, तिथून बिघडलं. रात्री साडेअकराला एका सदस्येने बाल्कनीतल्या भेंडीचा फोटो टाकला. पानांखाली मावा. खाली एकाने लिहिलं, मोनोक्रोटोफॉस मारा, दोन दिवसांत साफ. किती पाण्यात किती घालायचं तेही लिहिलं. मी झोपले होते. सकाळी साडेसहाला पाहिलं तेव्हा त्या कमेंटला २३ अंगठे होते. फोटोत कुंडीच्या मागे लहान मुलाची तीनचाकी दिसत होती.

भाजीपाल्यावर या कीटकनाशकाला आपल्याकडे २००५ पासून बंदी आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हा ज्या औषधांची नावं पुढे आली त्यात हेही होतं. मी कमेंट काढली, इकडून तिकडून नंबर मिळवला आणि त्या बाईंना फोन केला. औषध अजून आलं नव्हतं. त्यांचे यजमान संध्याकाळी येताना घेऊन येणार होते.

त्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच. पाणी प्यायला म्हणून दोनला उठायचं, फोन बघायचा. पुन्हा चारला. नवरा काही बोलला नाही, पण एक दिवस चार्जर उशाजवळून उचलून त्याने बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवला. मी रात्री उठून बाहेरच्या खोलीत जायला लागले.

आणि मग या मे महिन्यातली जास्वंद. आमच्याकडे सासूबाईंनी लावलेली लाल जास्वंद आहे, जुन्या घरातून छाटणी आणून लावलेली. देवाला रोज तिचंच फूल. एका संध्याकाळी मी कठड्याला टेकून एका बाईंना पिठ्या ढेकणावर उपाय लिहीत होते. निंबोळी तेल ५ मिली, लिटरभर पाणी, त्यात थोडं साबणाचं पाणी, ऊन उतरल्यावर फवारा, पानांच्या खालच्या बाजूने विसरू नका. लिहिता लिहिता कोपर जास्वंदीला घासलं आणि बाही चिकट झाली. वर बघितलं तर शेंड्यापासून खोडापर्यंत त्याच पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस पसरलेला. खोडावर मुंग्यांची रांग वर जात होती, खाली येत होती. हे काही चार दिवसांचं नव्हतं. महिनाभर तरी मी रोज त्या झाडाशेजारी उभी राहून फोन बघत होते.

त्या रात्री ठरवलं. समूह सोडायचा नाही, पण त्याला रात्र द्यायची. दुकानाचं शटर रात्री खाली येतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. रात्रभर उघडं राहणारं दुकान फक्त औषधांचं असतं, आणि माझं ते नाही. १ जुलैपासून व्हॉट्सॲप गट रात्री १० ते सकाळी ६ बंद. फक्त ॲडमिननेच लिहायचं, अशी सोय तिथे २०१८ पासून आहे, ती मी आजवर वापरलीच नव्हती. फेसबुकवर रात्री आलेली पोस्ट सकाळपर्यंत मंजुरीसाठी थांबेल. कीटकनाशकांच्या नावांची यादी करून ठेवली आहे, त्यातलं नाव असलेली कमेंट आपोआप अडेल.

ठरवलंय, पण हात अडखळतोय. ३८ हजार माणसांना "आता थांबा" म्हणणारी मी कोण, असं वाटतं. तुमच्यापैकी कुणी असं मागे आलं असेल तर कसं आलात ते लिहा. आणि चुकत असेन तर तेही स्पष्ट सांगा.

---

सातारकर_काका

ताई, आधी आपलं चुकलेलं सांगतो, म्हणजे तुमचं टळेल.

आमचा १९७९ च्या दहावीच्या बॅचचा गट. मी एकटाच ॲडमिन. निवडणुकीच्या दिवसांत दोन बालमित्र इतके हमरीतुमरीवर आले की एकाने दुसऱ्याच्या वडिलांचं नाव काढलं. मी संतापलो आणि एका शब्दाने न सांगता गट सोडला. एकमेव ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप दुसऱ्याच कुणाला तरी ॲडमिन करून टाकतं. आमच्या वेळी ज्याच्या गळ्यात हे पडलं, तो तेव्हा बायपाससाठी दवाखान्यात होता. पंधरा दिवस गटात कर्जाच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींचा नुसता चिखल, आणि काढायला कुणी नाही. बऱ्याच जणांनी त्या चिखलाला कंटाळून गट सोडला. ते परत आले नाहीत.

तेव्हा बाहेर पडायचं नसलं तरी किल्ल्या आधी द्या. आणखी दोन ॲडमिन आजच करा. ज्यांना वेळ आहे त्यांना नव्हे, ज्यांना राग कमी येतो त्यांना.

ते दोन मित्र? मी दोघांना वेगवेगळं न सांगता एकाच संध्याकाळी घरी चहाला बोलावलं. दारात एकमेकांना पाहून थबकले. बायकोने दोघांपुढे एकच कांदाभजीची ताटली ठेवली. आता बोलतात, पण गटात नाही, फोनवर.

---

अबोली_कल्याण

ताई, तुम्हाला माझं नाव आठवणार नाही, पण मी तुमच्या व्हॉट्सॲप गटात २०२० पासून आहे.

हे २०१९ मध्ये गेले. नंतर चारच महिन्यांत टाळेबंदी. मुलगी बंगळूरला. मी एकटी वन बीएचकेमध्ये. कुणीतरी तुमच्या गटात जोडलं आणि मी स्टीलच्या ताटात मेथी पेरली. आठव्या दिवशी फोटो टाकला तेव्हा तुम्ही लिहिलं होतं, "अबोलीताई, दोन दिवस थांबा, अजून दोन पानं येऊ द्या." दिवसभरात माझं नाव घेऊन माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य होतं.

तुमची झोप जाते हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण दहा ते एक हीच वेळ माझ्याने जात नाही. टीव्ही लावला की जास्तच एकटं वाटतं. गट उघडला की कुणाची तरी गुलबक्षी, कुणाचं तरी टोमॅटोचं पहिलं फूल दिसतं. तुम्ही शटर लावणार म्हटल्यावर पोटात गोळाच आला. रागावू नका.

---

गच्चीवाली

अबोलीताई, रागवीन कशी? मेथीचं ताट आठवतंय मला, त्याला निळी किनार होती.

मला सकाळपर्यंत वेळ द्या. तुमचं वाचून घाईने उत्तर द्यायचं नाही.

---

साक्रीचा_मास्तर

मी गेली वीस वर्षं साक्री तालुक्यात शिक्षक आहे. १ जुलै २०१८ चा रविवार आमच्याकडे कुणी विसरत नाही. राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज आठवडाभर प्रत्येक फोनवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

तो मेसेज माझ्याही पालक गटात आला होता. शुक्रवारी. मी ॲडमिन होतो. मला तो खोटा वाटला, पण मी काढला नाही. "राहू दे, लोक सावध राहतील" असं मनात म्हटलं. आमच्या गावातून तिकडे कुणी गेलं नव्हतं, तरीही ते "राहू दे" आजही माझ्या घशात अडकलेलं आहे.

त्यानंतर मी सात गटांतून बाहेर पडलो आणि एकच ठेवला. त्याचा नियम एका ओळीचा: स्वतः पाहिलेलं लिहा, पुढे ढकललेलं नको. सुप्रभात नको, देवाचे फोटो नकोत, बातमी नको. पालक म्हणाले, गट ओका झाला. झाला खरा. दिवसाला तीन-चार मेसेज येतात. "नदीला पाणी आहे, आज पलीकडच्या पाड्यावरची मुलं येणार नाहीत." "लसीची ताई उद्या येणार." पण त्यातला प्रत्येक मेसेज सगळे वाचतात.

ताई, तुमची मोनोक्रोटोफॉसची रात्र मला कळते. तुम्ही जागलात म्हणून ते मूल वाचलं नाही, सकाळी फोन केलात म्हणून वाचलं. जागणं आणि फोन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

वकील_गोंदियाकर

ॲडमिनच्या जबाबदारीवरून बऱ्याच जणांच्या मनात धास्ती असते, म्हणून लिहितो. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून नुसत्या ॲडमिनवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे. प्रकरण आमच्याच जिल्ह्यातलं, २०१६ मधलं. ॲडमिनचा त्यात समान हेतू होता किंवा आधीच ठरलेलं होतं, असं दिसलं पाहिजे. ॲडमिनच्या हातात असतं ते सदस्य घेणं आणि काढणं, कोण काय लिहील हे त्याला आधी कळू शकत नाही, हा त्यामागचा विचार. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये त्याच दिशेने निकाल दिला.

म्हणजे रात्री झोपलात तर कायद्याने काही चुकत नाही.

---

गच्चीवाली

वकीलसाहेब, आभार. कायद्याची भीती मला नव्हती. त्या तीनचाकीची होती.

मास्तर, तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

---

कृष्णाकाठ

आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तीनेक हजार वस्तीचं गाव. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो, मग ज्याला हवं त्याने सुरू करावं. टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेल्या, आणि शाळा उघडल्या तरी मुलं मोबाईलवरच राहिली, म्हणून स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांची सभा घेऊन हे ठरवलं. पहिले काही दिवस लोकांनी हसण्यावारी नेलं, मग घरोघरी जाऊन सांगावं लागलं.

माझी मावशी त्या भागातली. ती म्हणते, बंद करणं अवघड नव्हतं, सगळ्यांचं एकाच वेळी बंद होणं महत्त्वाचं होतं. एकट्याने फोन ठेवला की वाटतं, आपल्याशिवाय तिकडे काहीतरी चाललंय. सगळ्यांचाच ठेवला की तिकडे काही चाललेलंच नसतं. तुमचं शटर मला म्हणूनच पटलं. तुम्ही एकट्या झोपायला गेलात तर झोप लागणार नाही, सगळा गट झोपला तर लागेल.

---

कोडवाला_पुणे

थोडं तांत्रिक. बोट वर सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही रचना २००६ मध्ये एझा रास्किन या माणसाने केली. पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पान संपलं असतं तर तिथे आपण थांबून विचार केला असता. ती जागाच काढून टाकली गेली. त्यामुळे "मला संयम नाही" असं स्वतःला बोलू नका.

मी एका प्रोग्रामिंग गटाचा ॲडमिन आहे. फोनमधून फेसबुकचं ॲप काढलंय. ॲडमिनचं काम फक्त संगणकावर, टेबलाशी बसून, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला, अर्धा अर्धा तास. फोनवर केलं की ते काम राहत नाही, चाळा होतो.

---

मीना_न्यूजर्सी

ताई, मी पण तुमच्या फेसबुक समूहात आहे, फार लिहीत नाही. माझा कढीपत्ता ऑक्टोबरमध्ये घरात येतो आणि मे महिन्यात अंगणात जातो, तुम्ही सांगितल्याप्रमाणे हिवाळ्यात पाणी कमी करते.

एक अडचण सांगते. तुमचे रात्रीचे १० म्हणजे आमच्याकडे सध्या दुपारचे साडेबारा. तुमचे सकाळचे ६ म्हणजे आमचे रात्रीचे साडेआठ. ऑफिसमधून येऊन मी कुंड्यांपाशी जाते ती बरोबर तुमच्या शटरची वेळ. इकडे असलेल्या आम्हा सगळ्यांच्याच पोस्टी अडकून राहतील. तुम्ही झोपू नका असं मी म्हणत नाही. पण तुमची रात्र ही माझी रात्र नाही, मग त्या वेळेची किल्ली माझ्याकडे द्याल का? मला किडींमधलं फार कळत नाही. पण साधे प्रश्न मंजूर करता येतील, आणि औषधाचं नाव आलं की ते तसंच अडवून तुमच्यासाठी ठेवता येईल.

---

गच्चीवाली

सगळ्यांचं दोनदा वाचलं. आज सकाळी पावसाने उघडीप दिली, गच्चीवर बसून लिहिते आहे, फोन खाली ठेवून, वहीत. आता टंकते.

मीनाताई, किल्ली तुम्हाला. पण तीनच महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी मी स्वतः विचारीन, आणि "नको" म्हणायला तुम्हाला संकोच वाटता कामा नये. माझी चूक तिथेच झाली. मला कुणी विचारलं नाही आणि मीही नऊ-दहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. यापुढे सगळ्या ॲडमिनची मुदत तीन महिने, माझीसुद्धा. काका, तुमच्या सल्ल्याप्रमाणे आणखी दोघांना विचारलंय. एक जण जळगावचे निवृत्त कृषी सहायक आहेत, समूहात त्यांचा आवाज चढलेला मी कधी पाहिला नाही. औषधांचा प्रत्येक प्रश्न आधी ते पाहतील.

कोडवाला, ॲप काढलं. पहिल्या दिवशी बोट त्याच जागी जात होतं, तिथे आता घड्याळ आहे.

अबोलीताई, तुमच्यासाठी वेगळं. मोठा गट दहाला बंद होणारच, त्यात बदल नाही, कारण १०२४ माणसं रात्री जागी असली की कुणीतरी कुणाला तरी औषध सांगणारच. पण एक छोटा गट करू, तीस-चाळीस जणांचा, रात्री जागणाऱ्यांचा. त्यात फक्त आपल्या झाडांचे फोटो आणि दोन शब्द. सल्ला नाही, प्रश्न असेल तर सकाळी मोठ्या गटात. त्याच्या ॲडमिन तुम्ही. मी त्यात नसेन, झोपलेली असेन. कराल का?

---

अबोली_कल्याण

मला ॲडमिनचं काही येत नाही. पण माझी मुलगी व्हिडिओ कॉलवर दाखवते म्हणाली. करते. नाव काय ठेवू? रातराणी ठेवलं तर चालेल का, माझ्या खिडकीतच आहे.

---

सातारकर_काका

उत्तम नाव. मलाही घ्या त्यात. साताऱ्यात निशिगंध फुललाय आणि झोप मलाही कमीच.

---

मीना_न्यूजर्सी

ताई, १ जुलैची पहिली पाळी झाली. नऊ पोस्ट आल्या. सात मंजूर केल्या. एक जाहिरात होती, काढली. एका सदस्याने विचारलंय, शेजारच्यांनी टोमॅटोवर मारायला एक बाटली दिली आहे, वापरू का, सोबत बाटलीचा फोटो. ती तशीच ठेवली आहे, आणि त्यांना एवढंच कळवलंय की सकाळपर्यंत बाटली उघडू नका.

---

गच्चीवाली

सव्वासहाला पाहिली. जळगावच्या दादांनी त्याआधीच त्यांना फोन केला होता. बाटली उघडलेली नाही, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवली आहे. शेजाऱ्यांशीही दादाच बोलणार आहेत.

जास्वंदीची निम्मी फांदोरी छाटावी लागली. खालच्या डोळ्यातून दोन फुटवे निघालेत, अजून बोटाच्या पेराएवढेच आहेत.